कांद्याच्या चाळीत आम्ही दोघी

नानांच्या दशक्रियेला मी गोदावरीवर गेले होते. नाना म्हणजे माझे चुलते, माझ्या वडिलांचे, अण्णांचे, धाकटे भाऊ. घाटावर मंडप, भाड्याच्या खुर्च्या, प्रवचनाला महाराज, सगळं रीतीप्रमाणे होतं. कावळा पहिल्याच हाकेला पिंडाला शिवला, तेव्हा बायका म्हणाल्या, बघा, कुठलीच इच्छा मागे राहिली नाही. मग माइकवर एकामागून एक माणसं बोलायला उभी राहिली. कुणी सोसायटीतले, कुणी पतपेढीतले. एकजण म्हणाला, नाना म्हणजे देवमाणूस, आयुष्यात मुंगीलासुद्धा दुखावलं नाही. मी पदर तोंडावर घट्ट धरला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडते आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लय जीव होता ना त्यांचा तुमच्यावर."

जीव होता, हे खरंच आहे. म्हणून तर लिहायला बसले. अंबडला घरी आले, डोक्यावरून अंघोळ केली आणि नातीची एक अर्धी कोरी राहिलेली वही काढली. मी चौथी शिकलेली. आमच्या गावात शाळाच तेवढी होती, पाचवीला विंचूरला जावं लागे आणि मुलींना कोणी पाठवत नसे. पण माझं अक्षर चांगलं होतं. गुरुजी फळ्यावर सुविचार लिहायला मलाच सांगायचे, कारण मी बोलत नसे, नुसती लिहीत असे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आजही पाहुणे आले की मी स्वयंपाकघरातच असते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही.

आमचं घर मळ्यात होतं. पुढं पडवी, मागं गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडं उंचवट्यावर कांद्याची चाळ. शहरातल्यांना चाळ म्हटलं की खोल्या आठवतात, म्हणून सांगते. ही चाळ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा लांबच लांब पिंजरा, वर उसाच्या पाचटाचं छप्पर. पट्ट्यांत बोटभर फटी ठेवायच्या, म्हणजे वारा खेळतो आणि उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. तरी पावसाळ्यात कांदा सडतोच. एक सडला की त्याचं पाणी खालच्यावर गळतं आणि आठ दिवसांत ढीग बसतो. म्हणून रोज कुणीतरी आत शिरून हातानं चाचपून सडके काढायचे. ते काम माझ्याकडं आणि यमुनाकडं होतं. सडका कांदा वरून चांगला दिसतो. बोट लावलं की आत जातं. तो वास नखांत बसतो आणि राखेनं घासला तरी जात नाही. आणि गंमत म्हणजे चार महिने अशा कांद्यात लोळायचं, पण श्रावण म्हणून महिनाभर घरात कांदा-लसूण खायचा नाही. आई चूल सारवून, ओल्या लुगड्यानं सोवळ्यात स्वयंपाक करायची. सोमवारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. त्या आमटीला उकळी फुटली की घरभर तिखट-गोड वास सुटायचा आणि नाना पडवीतून ओरडायचे, "वहिनी, आज उपास हे का सण हे?"

यमुना माझ्याच वयाची, पंधरा-सोळाची. नाल्यापलीकडं गायरानावर आठ-नऊ झोपड्या होत्या, सुरगाण्याकडच्या डोंगरातून कामाला आलेल्या लोकांच्या. आधी हंगामापुरते यायचे, मग तिथंच राहिले. यमुनाला आई नव्हती. ती आणि तिचा बाप सोमा, दोघंच. सोमाबाबा आमच्याकडंच कामाला असे. तो वाकून चालायचा आणि आईलासुद्धा "बाई" म्हणून हात जोडायचा. यमुना मात्र फटकळ. मी बोलत नसे, त्यामुळं ती माझ्याही वाटचं बोलायची. "सुमे, तुझं लग्न झालं ना, तर नवरा म्हणेल मुकी दिली. मी येईन तुझ्याबरोबर. तू मान हलव, मी सांगत जाईन." तिची एक शेळी होती, तांबू. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात पत्र्याच्या डबीची घंटा. यमुना चाळीत काम करायची तेव्हा तांबू बाहेर फिरत असे आणि मधूनच पट्ट्यांच्या फटीतून नाक घालून आमच्याकडं बघायची. यमुना जिभेनं एक वेगळाच आवाज काढायची, टक्-टक् असा, आणि कुठंही असली तरी तांबू ओरडून ओ द्यायची. त्या श्रावणात ती गाभण होती. यमुना तिच्या पोटाला कान लावायची आणि म्हणायची, दोन हाएत.

त्याच दिवसांत आमच्या विहिरीवरची पाण्याची मोटार नाहीशी झाली. सकाळी नाना विहिरीवर गेले तर पाइप नुसता लोंबत होता. अण्णा त्या दिवशी पहाटेच ट्रॅक्टर घेऊन विंचूरला कांदा विकायला गेले होते. दोघा भावांत बांधावरून आठ दिवस अबोला होता. घरात दोघं एकमेकांना माझ्याकडून निरोप देत. नाना गावात गेले ते वीस-पंचवीस माणसं घेऊनच परत आले. सोमवार होता, सगळे उपाशी. कपाळाला गंध. कुणीतरी म्हणालं, गायरानावरच्यांशिवाय कोण नेणार. कुणीतरी म्हणालं, गायरान मोकळं करायला हीच वेळ हे. हे मी चाळीतून ऐकलं. यमुनाही माझ्याशेजारी बसून ऐकत होती. ती उठायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

पुढचं मी फटीतून बघितलं. फट एवढीशी, पण डोळा लावला की नाल्यापलीकडचं सगळं दिसतं. दुपार होती, चार दिवस पाऊस उघडलेला. माणसं शांतपणे नाला उतरून गेली. पाण्यातून जाताना त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या, हे मला आठवतं. बायका-मुलं ओरडत डोंगराच्या बाजूला पळाली. झोपड्यांवर रॉकेल टाकलं. पाचट भरभर पेटलं. सोमाबाबा पळाला नाही. तो हात जोडून नानांसमोर उभा राहिला, जसा आमच्या पडवीसमोर राहायचा. नानांच्या हातात कुदळीचा दांडा होता. पहिला मार खांद्यावर बसला. दुसरा डोक्यात बसला, आणि तो आमच्याच नानांनी मारला. मी लिहायला लागल्यापासून या ओळीशी तीनदा थांबले. नानांनी मारला. मग तो खाली पडल्यावर बाकीच्यांनी मारलं, कारण पडलेल्या माणसाला मारणं सगळ्यांना जमतं. यमुनाचं तोंड मी हातानं दाबून धरलं होतं. माझ्या हाताला सडक्या कांद्याचं पाणी होतं. तिनं माझा तळवा चावला. मी सोडला नाही. आम्ही दोघी त्या फटींना डोळे लावून, एकमेकींना धरून बसलो होतो. मग माणसं परतायला लागली, शेळ्या हाकत, भांडी घेऊन. एकाच्या डोक्यावर पाटा होता. कोणाच्या घरात पाटा कमी होता, मला माहीत नाही. माणसं नाला चढायच्या आत यमुना चाळीच्या मागच्या बाजूनं पळाली.

नाना आले, त्यांनी विहिरीवर अंघोळ केली. आईनं विचारलं नाही. तिनं पाणी तापवलं होतं, एवढंच. संध्याकाळी सोमवार सोडायला तिनं शिरा केला, अळूची भाजी, वरण-भात. नाना पाटावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं हे. तिथं मी त्यांच्या माठातलं घोटभर पाणी प्यालो. उपास मोडला का?" आईनं वरणावर तूप वाढलं. मग म्हणाली, "पाण्यानं मोडत नाय." नानांना बरं वाटलं. त्यांनी शिरा दोनदा घेतला. मी समोरच वाढायला होते.

अंधार पडायच्या आत अण्णांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत रिकाम्या गोण्या होत्या आणि गोण्यांखाली मोटार. जळाली होती म्हणून अण्णांनीच आदल्या दिवशी काढून ठेवली होती आणि विंचूरला वायंडिंग करून आणली होती. अबोल्यामुळं सांगितलं नव्हतं. नाना पडवीत उभे राहिले. अण्णा ट्रॉलीजवळ उभे राहिले. आठ दिवसांनी दोघं पहिल्यांदा बोलले. अण्णा म्हणाले, "आता काय करायचं?" नाना म्हणाले, "चाळीत ठेव. कांद्याखाली." त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुटला. भाऊ एक झाले म्हणून आईनं दुसऱ्या दिवशी देवाला नारळ फोडला. तो प्रसाद मी खाल्ला.

आठवड्याभरात फौजदार आला. गावानं लिहून दिलं होतं की झोपड्यांना चुलीची ठिणगी लागली आणि म्हातारा आगीत सापडून मेला. हा फौजदार नवीन होता, तरुण. त्यानं यमुनाला बरोबर आणलं होतं. ती कुणाचं तरी मोठं पोलकं घालून होती आणि कुणाकडं बघत नव्हती. गोठ्यात तांबू बांधलेली होती. लुटीच्या शेळ्या घराघरांत वाटल्या होत्या. श्रावणात कापता येत नव्हत्या, म्हणून सगळीकडं चारा घालून ठेवल्या होत्या. आमच्याकडं तांबू आली होती. तिला पाला घालायचं काम माझ्याकडं होतं. घंटा नानांनी काढून फेकली होती.

"ती मानी शेळी," यमुना म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी डोंगराकडची बोली यायची, मानी म्हणजे माझी. तिनं टक्-टक् आवाज काढला. तांबूनं दावं ओढून ओ दिली. पडवीतले लोक हसले. नाना म्हणाले, "साहेब, शेळीला काय, कुणीही हाक मारली तरी ती ओरडती. बाजारातून आणली हे ती आम्ही." मग यमुनानं माझ्याकडं बोट दाखवलं. "ही होती माझ्याबरोबर. चाळीत. हिनं समदं बघितलं. हिला विचारा."

फौजदारानं मला समोर बोलावलं. त्याचा आवाज मऊ होता. तेच वाईट झालं. दरडावला असता तर मी रडले असते आणि रडताना कदाचित खरं बाहेर आलं असतं. तो म्हणाला, "घाबरू नको. त्या दिवशी तू हिच्याबरोबर चाळीत होतीस का?" नाना माझ्या मागं उभे होते. "आमची पोरगी लाजाळू हे साहेब. चार माणसांत तोंड उघडत नाय." मी खाली बघत होते. यमुनाच्या पायाला जळाल्याची जखम होती, तिच्यावर हळद लावलेली. मी पुटपुटले. फौजदार म्हणाला, "मोठ्यानं बोल."

"नाही," मी म्हणाले. "मी घरात होते. भगर निवडत होते."

"शेळी कुणाची?"

"आमची."

आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर एवढं स्पष्ट बोलले होते. त्यानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, सही येते का. मला खरंच आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. घरातल्या बायकांत मलाच सही येत होती. मी सावकाश, वळणदार अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं. यमुना माझ्या हाताकडं बघत होती. तळव्यावर तिच्या दातांच्या खुणा अजून होत्या. जाताना फौजदार नानांना म्हणाला, "पोळा झाल्यावर येतो. शेळ्या बघायला जनावरांचा डॉक्टर घेऊन येतो, तोवर एकही विकायची नाही." त्या संध्याकाळी नानांनी मला बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या. म्हणाले, "शहाणी हे आमची सुमन." बांगड्या मी फुटेपर्यंत घातल्या.

शेळ्या विकायच्या नव्हत्या, पण खायच्या नाहीत असं कोणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडं पोळ्याला श्रावण संपतो आणि मग गणपती बसेपर्यंत मधे तीन-चार दिवस मिळतात. त्यात सगळा गाव मटण करून घेतो. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पारावर शेळ्या जमा केल्या. आईनं नानांना हळूच सांगितलं, "तांबडी गाभण हे. तिला राहू दे." आमच्यात गाभण जनावर कापत नाहीत. नाना म्हणाले, "डॉक्टर आधी तिलाच बघणार. पोरीनं गाभण म्हणून सांगितलं हे." मी दावं सोडून दिलं. तांबू माझ्या मागंमागं चालत आली, कारण महिनाभर मीच तिला पाला घालत होते. पारापर्यंत ओढावंसुद्धा लागलं नाही. यमुनासारखा आवाज मला काढता आला असता आणि तिला नाल्याकडं पिटाळता आलं असतं. मी तिथं उभी राहिले. पोट फाडलं तेव्हा पिशवीत दोन करडं निघाली. केस आलेले होते, डोळे मिटलेले. एका माणसानं ती पायानं बाजूला सारली. कुत्री आली.

मग वाटे घातले. पळसाची पानं ओळीनं मांडली आणि प्रत्येक पानावर सारखं सारखं मटण, काळजाचा तुकडा, चरबी. आमच्याकडं ही पद्धत आहे, सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. त्या दिवशी एकही घर सुटलं नाही. जे त्या दुपारी नाल्यापलीकडं गेले नव्हते त्यांच्याही घरी पान गेलं. ज्या मास्तरांनी मला चौथीपर्यंत शिकवलं त्यांनीही घेतलं. कोणी नको म्हटलं असतं तर तो वेगळा पडला असता आणि वेगळं पडायचं धाडस आमच्या गावात कुणाकडं नव्हतं. श्रावणभर न खाल्लेला कांदा आईनं त्या दिवशी भाजला. चाळीतला, मोटारीवर रचलेला. मसाल्याचा वास गल्लीगल्लीत होता. फौजदार आला तेव्हा गावात त्यांतली एकही शेळी नव्हती आणि सगळ्यांचे हात धुतलेले होते.

मी खाल्लं. जबरदस्ती कुणी केली नाही. नुसती भाकरी घेतली असती तरी चाललं असतं. पण चव चांगली होती आणि महिनाभर काही खाल्लं नव्हतं. मी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. ओकारी त्या दिवशी आली नाही. पुढं वर्षानं आली, माझ्या लग्नात, मटणाचं ताट समोर आल्यावर. तेव्हापासून मी मटण सोडलं. सासरचे म्हणतात, माळकरी आहे. मीही कधी नाही म्हटलं नाही.

लग्नानंतर मी अंबडला आले. नवरा कारखान्यात, तीन पाळ्या. मुलं झाली. गायरानावर गावानं सभामंडप बांधला. पंधरा-सोळा वर्षांनी एकदा सकाळी मी शहरात द्वारका चौकात गाडीची वाट बघत उभी होते. पुलाचं काम चाललं होतं, धूळ, हॉर्न, कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. बांधकामावरच्या बायका घमेली घेऊन टेम्पोची वाट बघत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला हाक मारली. "सुमे." त्या नावानं मला दुसरं कोणीच हाक मारत नाही.

ती वाळली होती, पुढचा एक दात नव्हता. मी तिचा हात धरला. का धरला माहीत नाही. कदाचित तिनं रडावं आणि आम्ही दोघींनी रडावं असं मला वाटलं असेल. ती रडली नाही. बापाचं काही विचारलं नाही, ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणाली, "तांबू खाल्ली का तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. "मीपण."

"किती निघाली?"

"दोन."

तिनं मान हलवली, आपला अंदाज बरोबर निघाला तशी. टेम्पो आला, बायका उठायला लागल्या. मग ती म्हणाली, "चाळीत होतीस का तू माझ्याबरोबर?"

"होते," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल."

आजूबाजूला माणसं होती. तरी मी मोठ्यानं म्हणाले, होते, मी चाळीत होते, मी सगळं बघितलं. दोन-तीन माणसांनी वळून बघितलं आणि परत आपापल्या गाडीकडं बघायला लागली. यमुनानं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तो लुगड्याला पुसला, एकदा आतून, एकदा बाहेरून, जसा चाळीतून निघताना आम्ही पुसायचो. मग घमेलं उचलून ती टेम्पोत चढली.